आरव्ही प्रवासात ऐनवेळी मुक्कामाची जागा मिळत नसेल तर

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन फिरणाऱ्यांची एक तक्रार उन्हाळा सुरू झाला की हमखास कानावर येते. दुपारचे साडेचार वाजलेले असतात, ठरवलेले ठिकाण अजून शंभर मैल दूर असते, वाटेत कुठेतरी रखडायला झालेले असते किंवा आधीचे आरक्षण सोडून द्यावे लागलेले असते, आणि फोनवर ज्या कॅम्पग्राउंडचे (मुक्कामासाठी आखलेल्या तळाचे) पान उघडावे तेथे आजच्या तारखेपुढे “आरक्षित” एवढेच दिसते. गाडी चालवणाऱ्यावर आणि शेजारी बसून शोधणाऱ्यावर सारखाच ताण येतो, अंधार पडू लागतो आणि शेवटी मिळेल त्या ठिकाणी, सांगतील त्या भावाने, महामार्गाच्या आवाजात रात्र काढावी लागते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तोच प्रकार होतो.

या अडचणीची कारणे ठरावीक आहेत आणि ती एकेक करून तपासता येतात. काही मोजके वीकेंड सोडले तर जागा खरोखरच संपली आहे असे प्रसंग फार कमी येतात, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक वेळा आपण शोधाला इतक्या अटी घातलेल्या असतात की उत्तर नकारार्थीच यावे, किंवा शोध इतक्या उशिरा सुरू केलेला असतो की चांगले पर्याय हातातून निघून गेलेले असतात. पुढील उपाय ज्या क्रमाने करून पाहावेत त्याच क्रमाने लिहिले आहेत.

शोधाच्या अटी सैल करा

सर्वप्रथम रात्रींची संख्या पाहावी. राष्ट्रीय उद्याने, फॉरेस्ट सर्व्हिस (राष्ट्रीय वने सांभाळणारी संस्था), आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स (लष्कराची अभियंता शाखा) अशा केंद्रीय संस्थांच्या बहुतेक कॅम्पग्राउंडचे आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या एकाच संकेतस्थळावर होते. तेथे तीन रात्री मागितल्या तर एकाच साइटवर, म्हणजे एका गाडीसाठी आखलेल्या जागेवर, तीनही रात्री सलग मोकळ्या असतील तरच ती साइट उपलब्ध दिसते. प्रत्यक्षात बारा नंबरची साइट फक्त आजच्या रात्रीपुरती मोकळी असते, एकतीस नंबरची उद्यापुरती, आणि तीन रात्रींच्या शोधात या दोन्ही दिसतच नाहीत. म्हणून ऐनवेळी नेहमी एकाच रात्रीसाठी शोधावे, आणि शक्य असेल तर यादीऐवजी तारखांचा तक्ता उघडावा, कारण त्या तक्त्यात सुट्या मोकळ्या रात्री चटकन नजरेत भरतात. तंबू घेऊन जाणाऱ्याला रोज साइट बदलणे नकोसे वाटते. आरव्हीवाल्याला मात्र वायर आणि पाण्याचा पाइप गुंडाळून शंभर पावलांवर गाडी नेऊन उभी करायची असते. ही सवलत आपल्याकडे असताना ती न वापरण्यात काही अर्थ नाही. काही राज्य उद्याने वीकेंडला किमान दोन रात्रींची अट घालतात. तेथे एका रात्रीचा शोध रिकामा येतो, म्हणून शुक्रवारी आणि शनिवारी दोन्ही प्रकारे शोधून पाहावे.

दुसरी अट गाडीच्या लांबीची असते. लांबी नेमकी माहीत नसल्यामुळे लोक एक तर अंदाजाने मोठा आकडा टाकतात आणि निम्म्या साइट गमावतात, किंवा लहान आकडा टाकतात आणि तेथे पोहोचल्यावर मागचा भाग रस्त्यावर येतो. पुढच्या बंपरपासून मागच्या सायकल रॅकपर्यंत टेपने एकदा मोजून तो आकडा गाडीत लिहून ठेवावा. भाड्याच्या गाडीचे नाव २५ फुटी असले तरी प्रत्यक्ष लांबी थोडी वेगळी असू शकते. जुनी सरकारी कॅम्पग्राउंड आजच्या गाड्यांच्या मानाने लहान वाहनांसाठी आखलेली आहेत. बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानातील सेज क्रीक येथे १८ फुटांपेक्षा लांब गाडीला मुक्काम करता येत नाही. लांबीचा प्रश्न रस्त्यांवरही येतो. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातील गोइंग टू द सन रोडच्या अॅव्हलांच ते सन पॉइंट या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहनाला बंदी आहे, आणि ही मोजणी बंपर व आरसे धरून होते. उद्यानाच्या एका बाजूला साइट मिळाली म्हणून ती लगेच घेऊ नये. आपली गाडी त्या बाजूला कोणत्या रस्त्याने पोहोचणार हे आधी पाहावे.

तिसरी अट हुकअपची, म्हणजे गाडी वीज-पाण्याला जोडण्याच्या सोयीची. वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही सोयी असलेलीच साइट हवी असा आग्रह धरल्यास उद्यानांच्या आत जवळजवळ काहीच हाती लागत नाही. यलोस्टोनमध्ये तर पूर्ण हुकअप असलेले फिशिंग ब्रिज हे एकच आरव्ही पार्क आहे. पाण्याची टाकी भरलेली, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या, प्रोपेन पुरेसा आणि बॅटरी चार्ज झालेली असेल तर एका रात्रीसाठी हुकअपची गरज नसते. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा बॅटरीवर चालतात. जनरेटर किंवा बाहेरची वीज लागते ती मुख्यतः एसी आणि मायक्रोवेव्हसाठी. उन्हाळ्यात वाळवंटी भागात एसीशिवाय झोपणे लहान मुलांना आणि वृद्धांना धोक्याचे ठरू शकते, तेथे ही अट सैल करू नये. उंचावरच्या जंगलात रात्री तशीही गारवा असतो. ३० अँपिअर आणि ५० अँपिअर यांतही अडकून पडू नये. ५० अँपिअरची गाडी अडॅप्टर लावून ३० अँपिअरच्या विजेच्या खांबावर चालते. मिळणारी शक्ती १२,००० वॉटवरून ३,६०० वॉटवर येते, एवढे लक्षात ठेवून दोन एसी एकदम लावू नयेत. अडॅप्टर गाडीत असेल तर शोधातील एक अट कायमची कमी होते.

चौथी अट आपल्या लोकांमध्ये विशेष आढळते. दोन-तीन कुटुंबे दोन-तीन आरव्ही घेऊन एकत्र निघतात आणि सर्वांना शेजारी शेजारी साइट हव्या असतात. ऐनवेळी लागून असलेल्या तीन साइट मिळणे जवळजवळ अशक्य असते, आणि समूहांसाठी राखलेल्या मोठ्या साइट अनेकदा केवळ तंबूंसाठी असतात. अशा वेळी प्रत्येक कुटुंबाने आपापल्या फोनवर एकेका साइटसाठी शोध घ्यावा, एकाच कॅम्पग्राउंडमध्ये दूरदूरच्या जागा मिळाल्या तरी घ्याव्यात, आणि जेवणापुरते एका साइटवर जमून शांततेची वेळ सुरू होण्यापूर्वी आपापल्या गाडीत परतावे. एका साइटवर किती माणसे आणि किती वाहने चालतात याची मर्यादा प्रत्येक ठिकाणी लिहिलेली असते. दोन आरव्ही एका साइटवर दाटीने लावण्याचा प्रयत्न करू नये.

रद्द झालेल्या जागा केव्हा दिसतात

साइट रद्द होण्याची वेळ मुख्यतः दंडाच्या नियमावरून ठरते. रिक्रिएशन डॉट गव्हवर कॅम्पसाइटचे आरक्षण वेळेत रद्द केले तर १० डॉलर कापले जातात. आगमनाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केले तर त्या १० डॉलरखेरीज पहिल्या रात्रीचे शुल्कही जाते. साहजिकच ज्यांचा बेत बदललेला असतो ते बहुधा आगमनाच्या दोन दिवस आधीपर्यंत रद्द करून मोकळे होतात. शुक्रवारची रात्र हवी असेल तर बुधवारी दिवसभर, आणि विशेषतः बुधवारी रात्री, अधूनमधून पाहत राहावे. हवामानाचा अंदाज बिघडला की रद्द होणाऱ्या साइट वाढतात. तंबूवाले पावसाच्या भीतीने मागे हटतात तेव्हा छप्पर घेऊन फिरणाऱ्यांनी ती संधी घ्यावी.

याच नियमाची दुसरी बाजू अशी की अगदी शेवटच्या दिवशी रद्द करून फारसे काही परत मिळत नसल्याने कित्येक लोक रद्दच करत नाहीत, आणि साइट कागदोपत्री भरलेली पण प्रत्यक्षात रिकामी राहते. तरीही ती आपली होत नाही. आरक्षण करणारा आला नाही तरी दुसऱ्या दिवशीच्या चेकआउटच्या वेळेपर्यंत साइट त्याच्यासाठी राखून ठेवतात. रिकामी दिसते म्हणून गाडी लावून मोकळे होणारे लोक रात्री अकरा वाजता उठवले जातात, आणि त्यात चूक त्यांचीच असते.

आणखी एक बारकावा उपयोगी पडतो. कोणीतरी साइट निवडून ती पैसे भरण्याच्या टप्प्यापर्यंत नेली की त्याच्यासाठी ती १५ मिनिटे धरून ठेवली जाते आणि तेवढा वेळ इतरांना ती मोकळी दिसत नाही. त्याने पैसे भरले नाहीत तर ती पुन्हा उघडते. म्हणूनच डोळ्यांदेखत गेलेली साइट वीस मिनिटांनी पुन्हा पाहावी. जागा उघडल्याची सूचना मागवण्याची सोय याच संकेतस्थळावर आहे, आणि कॅम्पनॅब, द डर्ट यांसारख्या खासगी सेवाही पैसे घेऊन असेच काम करतात. मात्र एकच सूचना अनेकांना जाते, म्हणून खात्यात आधीच लॉगिन केलेले असावे आणि गाडीची लांबी, क्रमांक व कार्ड हाताशी ठेवावे. काही कॅम्पग्राउंड आपल्या निवडक साइट मुद्दाम १४ दिवस किंवा ४ दिवस आधी खुल्या करतात. सहा महिने आधी सगळे भरले असे ऐकून ज्यांनी एखादे उद्यान बेतातून वगळले असेल त्यांनी त्या उद्यानाचे आरक्षणाचे पान नीट वाचून पाहावे.

संकेतस्थळ “नाही” म्हणत असताना प्रत्यक्ष जागा असणे

हे अनेकांना खरे वाटत नाही. कॅम्पग्राउंडनुसार ऑनलाइन आरक्षण आगमनाच्या दिवशी किंवा त्याआधी काही दिवस बंद होते, आणि मग उरलेल्या साइट संकेतस्थळावर घेता येत नाहीत. फॉरेस्ट सर्व्हिसच्या कित्येक कॅम्पग्राउंडमध्ये अशा उरलेल्या साइट तेथे येणाऱ्या पहिल्या माणसाला मिळतात. त्याखेरीज काही कॅम्पग्राउंड अथपासून इतिपर्यंत “प्रथम येईल त्याला” याच तत्त्वावर चालतात. त्यांच्या पानावर तारखांचा तक्ताच नसतो आणि म्हणून घाईत शोधणाऱ्याच्या नजरेतून ती निसटतात.

अशा ठिकाणी पोहोचल्यावर काय करायचे ते नीट माहीत हवे. आत शिरल्यावर लूपमधून, म्हणजे साइटवरून जाणाऱ्या गोलाकार रस्त्याने, एक संपूर्ण फेरी सावकाश मारावी आणि प्रत्येक साइटच्या तोंडाशी असलेल्या क्रमांकाच्या खांबाकडे पाहावे. खांबाला क्लिपने एक चिठ्ठी लावलेली असते आणि तिच्यावर येण्याची व जाण्याची तारीख लिहिलेली असते. चिठ्ठीवरची जाण्याची तारीख आजची असेल आणि साइटवर खुर्च्या, दोऱ्या, चूल काहीच नसेल, तर ती साइट मोकळी झालेली असण्याचा पुष्कळ संभव असतो. चिठ्ठीच नसेल तर तिला पहिली पसंती द्यावी. चिठ्ठीवर आजपासून पुढच्या तारखा असतील तर ती दुसऱ्याची आहे, कितीही रिकामी दिसली तरी. फेरी पूर्ण झाल्यावर प्रवेशाजवळच्या फलकापाशी यावे. तेथे पाकिटांचा डबा आणि जमिनीत घट्ट रोवलेली लोखंडी पेटी असते. पाकिटावर साइटचा क्रमांक, गाडीचा नंबर, रात्री आणि रक्कम लिहायची, पैसे आत घालून पाकीट पेटीत टाकायचे आणि फाडून घेतलेला तुकडा आपल्या खांबाला लावायचा. पेटीतून सुटे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून पाच, दहा आणि वीस डॉलरच्या काही नोटा व एक पेन गाडीत कायम ठेवावे. काही ठिकाणी पाकिटाऐवजी रिक्रिएशन डॉट गव्हच्या ॲपने फलकावरचा कोड स्कॅन करून पैसे भरता येतात. नेटवर्क नसले तरी हा व्यवहार फोनमध्ये साठवला जातो, मात्र ॲप आधी उतरवून त्यात खाते उघडलेले असले पाहिजे.

फेरी मारताना एकही साइट स्पष्टपणे मोकळी दिसली नाही तर निघून जाण्यापूर्वी होस्टकडे, म्हणजे तेथेच राहून कॅम्पग्राउंडची देखरेख करणाऱ्याकडे, जावे. होस्टची साइट बहुधा प्रवेशाजवळ असते आणि तिच्यावर तशी पाटी असते. हे बहुतेक वेळा निवृत्त जोडपे असते, आपल्यासारखेच आरव्हीत राहणारे, आणि कोण लवकर निघून गेले, कोणाचा येणार नसल्याचा निरोप आला, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. पुढच्या कोणत्या कॅम्पग्राउंडमध्ये सकाळी जागा होती, हेही ते अनेकदा सांगतात. त्यांच्याशी दोन मिनिटे आदराने बोलणे हा फोनवर अर्धा तास बोटे फिरवण्यापेक्षा खात्रीचा मार्ग आहे.

या सर्व प्रकारात वेळेला फार महत्त्व आहे. चेकआउट साधारण अकरा-बाराच्या सुमारास असतो, म्हणून “प्रथम येईल त्याला” प्रकारची साइट हवी असेल तर सकाळी साडेदहा ते दुपारी बाराच्या दरम्यान तेथे असावे. मोआबजवळ हायवे १२८ वर कोलोरॅडो नदीच्या काठाने बीएलएमची (केंद्र सरकारच्या जमीन व्यवस्थापन संस्थेची) अशी अनेक कॅम्पग्राउंड आहेत, पण वसंत आणि शरद ऋतूत ती सकाळीच भरतात; संध्याकाळी तेथे शोधत फिरणे व्यर्थ असते.

फोन करणे

खासगी आरव्ही पार्कच्या बाबतीत संकेतस्थळापेक्षा फोन कितीतरी अधिक उपयोगी पडतो. कार्यालयात बसलेल्या व्यक्तीला नुकतेच कोणीतरी रद्द केल्याचे माहीत असते, किमान रात्रींची अट एका रिकाम्या रात्रीसाठी बाजूला ठेवण्याचा अधिकारही कित्येकदा तिच्याकडे असतो, आणि अनेक पार्कांमध्ये हुकअप नसलेली एखादी मोकळी पट्टी असते जी ऑनलाइन कधीच दिसत नाही. फोनवर आधी आपली लवचीकता सांगावी. केवळ “आज जागा आहे का” असे विचारले तर “नाही” हे सर्वांत सोपे उत्तर मिळते. त्याऐवजी एकच रात्र हवी आहे, गाडी इतके फूट लांब आहे, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या आहेत, हुकअप नसले तरी चालेल, सकाळी आठपर्यंत निघून जाऊ, असे एका दमात सांगितले की समोरचा माणूस विचार करू लागतो. तरीही नकार आला तर आसपास कोणाकडे जागा असेल हे विचारून मगच फोन ठेवावा. छोट्या गावात पार्कचालक एकमेकांना ओळखतात.

बहुतेक कार्यालये संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास बंद होतात, त्यामुळे फोन दुपारीच करावेत. पोहोचायला उशीर होणार असेल तर तसे आधी सांगावे. मग आपल्या नावाचे पाकीट आणि साइटपर्यंतचा नकाशा कार्यालयाच्या दाराजवळ ठेवलेला मिळतो. अंधारात गाडी मागे घेणे टाळण्यासाठी अशा वेळी सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडता येणारी साइट मागावी.

ज्यांकडे सहसा कोणी पाहत नाही

राष्ट्रीय आणि राज्य उद्याने भरली की लोक थेट खासगी पार्कांकडे वळतात, आणि मधला एक मोठा थर नजरेआड राहतो. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची कॅम्पग्राउंड धरणांच्या जलाशयांकाठी असतात; रस्ते रुंद, साइट प्रशस्त आणि बऱ्याच ठिकाणी वीजही असते. आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस यांसारख्या राज्यांतून जाताना काउंटीची (जिल्ह्यासारख्या विभागाची) उद्याने आणि छोट्या गावांची नगर उद्याने अवश्य पाहावीत. आयोवामध्ये काउंटीच्या उद्यानांसाठी वेगळे सामाईक संकेतस्थळ आहे. इतर ठिकाणी गावाच्या नावापुढे “सिटी पार्क कॅम्पिंग” असे लिहून नकाशावर शोधले की पाण्याच्या टाकीजवळ किंवा बेसबॉलच्या मैदानाशेजारी विजेच्या चार-सहा खांबांची सोय सापडते. जत्रा नसलेल्या दिवसांत काउंटीची फेअरग्राउंड (जत्रेची मैदाने) आरव्हींना वीज-पाणी देऊन जागा देतात. या जागा देखण्या नसतात, पण मोठ्या पल्ल्याच्या प्रवासात दोन प्रेक्षणीय स्थळांमधल्या रात्रीसाठी त्यांच्यासारखी निर्धोक सोय नाही, आणि मला त्या मनापासून आवडतात.

प्रसिद्ध उद्यानाच्या आत जागा नसेल तर त्याच्याभोवतीच्या राष्ट्रीय वनांकडे वळावे. यलोस्टोनला कस्टर गॅलाटिन, शोशोनी, ब्रिजर-टीटन आणि कॅरिबू-टार्गी अशा वनांनी वेढले आहे आणि त्या प्रत्येकात कॅम्पग्राउंड आहेत. ग्रिझली अस्वलांच्या वावरामुळे त्या परिसरातील काही ठिकाणी कापडी तंबूंना आणि कापडी भिंतींच्या ट्रेलरना परवानगी नसते. पक्क्या भिंतींची आरव्ही असलेल्यांना तेथे साहजिकच कमी स्पर्धा असते.

हार्वेस्ट होस्ट्स ही वार्षिक सदस्यत्वाची योजना शेते, द्राक्षमळे, मद्यनिर्मिती केंद्रे अशा ठिकाणी साधारण एका रात्रीचा मुक्काम मिळवून देते. गाडीत स्वतःचे शौचालय व सांडपाण्याची टाकी असणे आवश्यक असते आणि यजमानाची आगाऊ संमती लागते. दुपारपर्यंत विचारले तर त्याच दिवसासाठी होकार येऊ शकतो. यजमानाकडून काहीतरी विकत घेणे अपेक्षित असते.

मोकळी सरकारी जमीन

पश्चिमेकडील राज्यांत बीएलएमच्या जमिनीवर आणि राष्ट्रीय वनांत, मनाई नसलेल्या भागात, आखलेल्या कॅम्पग्राउंडबाहेर विनामूल्य मुक्काम करता येतो. बीएलएमकडे सर्वसाधारण मर्यादा २८ दिवसांच्या काळात १४ दिवसांची आहे. साउथ डकोटात वॉल गावाच्या दक्षिणेला, बॅडलँड्सच्या सीमेवर, बफेलो गॅप राष्ट्रीय गवताळ प्रदेशातील कड्यालगतची जागा अशा मुक्कामासाठी प्रसिद्ध आहे. कोणत्या रस्त्यावर वाहन नेता येते आणि रस्त्यापासून किती आत उभे करता येते हे फॉरेस्ट सर्व्हिसच्या मोटार वाहन नकाशावर दिलेले असते. हा नकाशा आणि आयओव्हरलँडर किंवा कॅम्पेंडियम या ॲपवरच्या प्रवाशांच्या ताज्या नोंदी नेटवर्क असतानाच उतरवून ठेवाव्यात.

येथे सावधगिरीचे तीन मुद्दे आग्रहाने सांगतो. भाड्याच्या आरव्हीच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास अनेकदा मनाई असते आणि तेथे झालेल्या नुकसानीचा भार आपल्यावर पडतो, म्हणून करार आधी वाचावा. दुसरे, अनोळखी कच्च्या रस्त्यावर गाडी घालण्यापूर्वी एकाने उतरून पुढे चालत जावे आणि गाडी वळवायला जागा आहे याची खात्री करावी; मोठी आरव्ही अंधारात अरुंद वाटेवरून मागे घेणे फार कठीण असते. तिसरे, कोरड्या ऋतूत आग पेटवण्यावर बंदी असते आणि ती पाळलीच पाहिजे. सूर्यास्तानंतर पोहोचणार असाल तर हा पर्याय सोडून द्यावा.

केवळ झोपण्यापुरती जागा

वरचे सर्व मार्ग खुंटले आणि संध्याकाळ झाली, तर ही रात्र कॅम्पिंगची नाही हे मान्य करून झोपण्यापुरती सुरक्षित जागा शोधावी. वॉलमार्टच्या वाहनतळावर रात्रभर थांबू द्यायचे की नाही हे त्या त्या दुकानाचा व्यवस्थापक स्थानिक नियम पाहून ठरवतो, म्हणून आत जाऊन किंवा फोन करून विचारल्याशिवाय थांबू नये. क्रॅकर बॅरलची काही उपाहारगृहे आणि काही कॅसिनोही परवानगी देतात. पायलट फ्लाइंग जे आणि लव्ह्ज यांच्या ट्रक स्टॉपवर थांबता येते. लव्ह्जने काही ठिकाणी हुकअपच्या आरव्ही साइटही बांधल्या आहेत. ट्रकचालकांसाठी आखलेल्या लांब जागा मात्र अडवू नयेत, कारण त्यांना कायद्याने ठरलेल्या तासांनंतर थांबावेच लागते आणि त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नसतो.

महामार्गावरील रेस्ट एरियाचे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये २४ तास, ओरेगनमध्ये १२ तास आणि कॅलिफोर्नियात ८ तास थांबता येते, तर फ्लोरिडात ही मर्यादा केवळ ३ तासांची आहे. अशा सर्व जागी गाडीच्या बाहेर सरकणाऱ्या खोल्या, छत्री आणि खुर्च्या काढू नयेत, रात्री जनरेटर चालवू नये आणि सकाळी लवकर निघावे.

रोज हेच होत असेल तर

एखादा दिवस असा येणे समजण्यासारखे आहे. रोज येत असेल तर दोष दिवसाच्या आखणीत असतो. आरव्हीवाल्यांमध्ये दिवसाला ३०० मैल आणि दुपारी ३ पर्यंत मुक्कामी असा एक संकेत प्रचलित आहे. मैलांचा आकडा लहान मुले असतील तर मी अजून कमी करीन. तीनची वेळ मात्र तंतोतंत पाळण्यासारखी आहे, कारण तीन वाजता कार्यालये उघडी असतात, होस्ट जागेवर असतो, पुढचे कॅम्पग्राउंड गाठायला उजेड असतो आणि सांजवेळी रस्त्यावर येणाऱ्या हरणांचा धोका नसतो. जेवणाच्या थांब्यावर, म्हणजे बाराच्या सुमारास, आजचा मुक्काम पक्का नसेल तर जेवण होईपर्यंत एकाने फोन हातात घ्यावा आणि प्रश्न सोडवूनच गाडी हलवावी. तीन ठिकाणे निवडावीत: एक हवेहवेसे, एक त्याच्या अलीकडे पन्नास मैलांवर, आणि एक केवळ झोपण्यापुरते. दुर्गम भागात शिरण्यापूर्वी हे झालेच पाहिजे, कारण जेथे कॅम्पग्राउंड चांगली तेथे नेटवर्क बहुधा नसते. सकाळी निघताना डंप स्टेशनवर (सांडपाणी सोडण्याच्या ठिकाणी) सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करून पाणी भरून घेतले की हुकअप नसलेली जागाही संध्याकाळी घेता येते.

आठवड्याचा वारही पाहावा. रविवारी दुपारी वीकेंडचे लोक परततात आणि रविवार ते बुधवार या रात्री सर्वांत सोप्या असतात, म्हणून गर्दीची उद्याने या दिवसांत बसवावीत आणि शुक्रवार-शनिवार काउंटी पार्क, कोअरची जलाशये किंवा नातेवाइकांच्या घरासमोरची जागा यांसाठी ठेवावेत. शेवटच्या पर्यायात त्या गावात रस्त्यावर आरव्ही लावायला परवानगी आहे ना, हे आधी विचारून घ्यावे. मे अखेरचा मेमोरियल डे, ४ जुलै आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे यांना लागून येणारे वीकेंड मात्र या सर्व उपायांना अपवाद आहेत. त्या दिवसांसाठी आरक्षण नसेल तर प्रसिद्ध उद्यानांच्या दिशेने जाऊच नये. गुरुवारी सकाळीच एखादे “प्रथम येईल त्याला” प्रकारचे कॅम्पग्राउंड गाठावे, सोमवारपर्यंतचे पैसे एकदम भरावेत आणि मंगळवारी पुढे निघावे.